रंगरूटाची पहिली परीक्षा

मुलाची सैन्यात निवड झाल्याचे कळताच घरी पेढे वाटले जातात. परंतु गणवेश मिळणे आणि सैनिक होणे यांत काही महिन्यांचे अंतर असते, व ते ज्याचे त्यालाच कापावे लागते. १९२२ पासून बेळगावी असलेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र घ्या, राणीखेतचे कुमाऊं रेजिमेंटचे घ्या, की वेलिंग्टनचे मद्रास रेजिमेंटचे. वाट सर्वत्र सारखीच. २०२२ पासून भरती होणारे अग्निवीरही अशाच केंद्रांतून घडतात.

भरतीच्या वेळची १.६ किलोमीटरची धाव ही केवळ चाळणी होय. पुढे पाठीवर ओझे आणि हाती रायफल येते. म्हणून बोलावणे येण्यापूर्वी दररोज धावण्याचा सराव ठेवावा, अंतर मात्र हळूहळू वाढवावे. पायमोजे कोरडे असावेत. फोड आल्यास तो स्वच्छ झाकावा. उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. भोवळ आल्यास तत्काळ सांगावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखणे लपविणे. सततच्या भाराने नडगीच्या हाडास बारीक चीर पडू शकते. वेळीच विश्रांती मिळाली, तर ती काही आठवड्यांत सहसा भरून येते. तशाच पायाने धावत राहिल्यास हाड पुरते मोडण्याचा धोका असतो. डॉक्टरांपुढे उभे राहणे हा भ्याडपणा नव्हे.

मनाचीही कसोटी लागते. ‘दाहिने मुड’ ऐकून गोंधळणारा मुलगा एकटा नसतो. शेजारी उभा असलेला तमिळ वा नागा मुलगाही हिंदी हुकूम नव्यानेच शिकत असतो. उस्तादाचा आवाज चढला, तरी तो रोष चुकीवर असतो, माणसावर नव्हे. पुढच्या महिन्यांचा हिशेब मांडीत न बसता आजची परेड पार पाडावी, आणि मागे पडलेल्या सोबत्याला हात द्यावा.

या परीक्षेत घराचाही वाटा आहे. ‘परत आलास तर तोंड दाखवू नकोस’, हे वडिलांचे वाक्य मुलाला खंबीर करीत नाही. ते त्याला दुखरा पाय लपवावयास शिकविते. त्याऐवजी ‘मन लावून शीक, आणि दुखले खुपले तर सांग’, एवढेच कळवावे. मग कसम परेडच्या दिवशी तो ताठ मानेने शपथ घेईल, आणि ती पाहण्यास आलेल्या आईला त्याची पावले शेकडो पावलांतूनही ओळखू येतील.