सात बेटांवरची माडांची रानं

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत उतरला. कोटाबाहेर त्याला माडांची दाट रानं लागली आणि त्या माडांच्या सावलीत घरं करून राहिलेले, झाडांची निगा राखणारे भंडारी दिसले. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ही नोंद आहे. मुंबईच्या झाडांचा मागोवा घेताना मी इथूनच सुरुवात करतो, कारण यात झाड आणि झाडाचा माणूस एकत्र भेटतात.

भंडाऱ्याचं काम नाजूक. न उमललेली पोय बांधून घ्यायची, ती हलक्या हातानं ठोकायची, मग कमरेच्या आऊतानं रोज तिचा शेंडा पातळ तासायचा आणि खाली मडकं अडकवायचं. पहाटे आणि संध्याकाळी, दोन वेळा चढणं आलंच. ज्या पोयीतून माडी काढायची तिला नारळ धरत नाहीत, म्हणून कोणता माड रसाला द्यायचा आणि कोणता फळाला, हे ठरवावं लागे. बुंध्याशी मासळीच्या कुट्याचं खत पडे. त्याच्या दुर्गंधीवर कंपनीच्या गोऱ्यांनी रोगराईचं खापर फोडलं आणि ते बंद करण्याचे हुकूमही काढले. कंपनीच्या मुंबईतल्या पलटणीत हेच भंडारी शिपाई म्हणून उभे होते.

ही रानं एका घावात गेली नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, इंग्रज धास्तावले आणि तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून त्यांनी कोटालगतची झाडं आडवी केली. आपल्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या विजयाची ही बाजू सहसा सांगितली जात नाही. १८५३ साली बोरीबंदरहून भायखळा-परळ-दादर करत आगगाडी ठाण्याला गेली. १८५६ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीही ताडदेवात. पुढे परळ-लालबागची वाड्या-शेतं गिरण्यांनी आणि चाळींनी व्यापली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्यानं दादर-माटुंग्याला आखीव रस्ते आणि वसाहती दिल्या. दाटीत गुदमरणाऱ्या माणसांना त्याची गरज होती, हे नाकारता येणार नाही.

पण माझ्या मते खरा घाव कुऱ्हाडीचा नव्हता. १८७८ च्या अबकारी कायद्यानं रसावरचा कर आणि परवाना कडक केला, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं माडी-ताडीचा धंदाच गुन्हा ठरवला. न आंबलेल्या नीरेला तेवढी मुभा राहिली. चढणाऱ्याचं पोट ज्या झाडावर चालत नाही, त्या झाडासाठी भांडायला कुणी उरत नाही. भंडाऱ्यांची मुलं गिरणीत, छापखान्यात, कचेरीत गेली आणि माड हा जमिनीच्या भावापुढचा अडथळा होऊन बसला.

गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, बोरभाट, मुगभाट ही नावं टिकली, माझगावात ताडवाडी आणि नारळवाडी टिकली. झाडं मात्र इमारतींच्या चौकात सुटी सुटी उभी आहेत. आणि झाडांबरोबर त्यांचे रहिवासीही असतात. ताडपाकोळी हा चिमुकला पक्षी ताडाच्या पंख्यासारख्या पानाच्या खालच्या अंगाला लाळेनं पिसं चिकटवून घरटं करतो. ते पान नसेल तर त्याला शहरात राहायला जागा फार थोडी उरते. सुगरणीचे खोपेही ताडावर, शिंदीवर लटकतात. रांगेनं लावलेल्या शोभेच्या पामनं ही उणीव भरून निघत नाही.

पामचं रान राखता येतं का, हे पाहायला दूरच्या सेशेल्सकडे बघावं. तिथल्या प्रालँ बेटावर व्हॅले द मे नावाचं पामचं रान आहे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा दर्यायी नारळ मुळात तिथला. लाटांवर वाहत आलेलं हे फळ कुठून येतं ते शतकानुशतकं कोणाला कळलं नाही. १७६८ मध्ये त्याचं झाड त्या बेटावर सापडलं. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं आणि जगातलं सर्वांत जड बी त्याचं. १८८१ मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन ते रान पाहून इतका भारावला की बायबलमधली ईडन बाग हीच, असं त्यानं लिहून ठेवलं. १९६६ मध्ये ते राखीव झालं आणि १९८३ मध्ये जागतिक वारसा. तिथला काळा पोपट त्याच पामच्या आसऱ्यानं टिकून आहे.

मुंबईचा माड त्या दर्यायी नारळासारखा दुर्मीळ नाही, आणि आपली रानं माणसानं लावलेली आणि जोपासलेली होती. म्हणून कुंपण घालून ती राखता आली नसती. पण १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच जातीचं किंवा दुसरं योग्य झाड लावायला सांगतो, आणि ताडाची गाठ इथे पडते. ताडाला फुलायला बारा-पंधरा वर्षं किंवा अधिक लागतात, म्हणून त्याच्या जागी सोपं, झटपट वाढणारं झाड लावलं जातं. माहीम, दादर, गिरगावात तरी ताडाच्या जागी ताड आणि माडाच्या जागी माड लावला जावा, आणि पावसाळ्यापूर्वी झावळ्या उतरवायला सोसायट्या ज्याला बोलावतात, त्या चढणाऱ्याला महापालिकेनं रीतसर काम द्यावं.