सापळ्यात नर अडकतो, अंडी मादी घालते

“सापळे लावलेत, आता फवारणी नको.” शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात हे वाक्य जितक्या सहज कानावर पडतं, तितक्याच सहज हंगामाअखेर दुसरंही पडतं: “सापळ्यांनी काय होत नाय.” दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समज आहे, की कामगंध सापळा कीड मारण्यासाठी असतो.

मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध हवेत सोडते, तोच गंध कृत्रिमरीत्या बनवून रबराच्या गोळीत मुरवतात. ही झाली ल्यूर. तिच्याकडे येतो तो नर. पीक खाणारी अळी येत नाही, अंडी घालणारी मादीही येत नाही. त्यातून एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिवारातले निम्मे नर पकडले तरी उरलेले निम्मे सगळ्यांचं काम भागवतात आणि हरभऱ्याचे घाटे पोखरले जायचे ते जातातच.

मग सापळा कशाला? मोजायला. हरभऱ्यात घाटे अळीसाठी एकरी 2 सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग 2-3 दिवस एका सापळ्यात 8 ते 10 पतंग आले, तर अंडी पडायला लागली असं समजून झाडं तपासायची. अळी बारीक असते तेव्हाच 5 टक्के निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही हा विषाणू नीट काम करतो. ती बोटाएवढी झाल्यावर महागडं औषधही हात टेकतं. पतंग मोजायचेच नसतील, तर सापळ्याचे पैसे वाचवलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

“आपल्या सापळ्यामुळं शेजाऱ्याची कीड आपल्याकडं येते,” ही तक्रार बांधावरच्या भांडणापर्यंत जाते. आलेच तर नर येतील, आणि नर अंडी घालत नाही.

दुकानातला घोळ याहून महागात पडतो. तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि 2018 मध्ये भारतात आलेली मक्यावरची लष्करी अळी, दोन्ही स्पोडोप्टेराच. म्हणून एकीची ल्यूर दुसरीला खपवली जाते. पण दोघींचे गंध वेगळे आहेत. मक्यात सापळा रिकामा राहतो, शेतकरी निर्धास्त होतो आणि पोंगे आतून कुरतडले जातात. ल्यूर घेताना पाकिटावर किडीचं नाव वाचावं. ती लावताना हाताला तंबाखूचा, कांद्याचा किंवा औषधाचा वास नको. साधारण महिना-दीड महिन्याने ती बदलावी. आणि पिवळे-निळे चिकट सापळे हा प्रकारच वेगळा: तिथे गंध नाही, रंग आहे. कांद्यावरचे फुलकिडे निळ्यावर येतात.

फळमाशीची गोष्ट मात्र न्यारी. इथे सापळा मोजण्यापलीकडे जाऊन खरोखर मारू शकतो. हे काही नवं परदेशी खूळ नव्हे. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की डासांसाठी लावलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्या झुंबड करतात. 1912 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. त्या आकर्षणामागचं द्रव्य मिथाइल युजेनॉल, जे आपल्या तुळशीतही असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच गंधावर चालतो. पण हा गंध आंबा-पेरूवरच्या माशीसाठी. कलिंगड, कारली, दोडक्यावरची माशी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तिला क्यू ल्यूर लागते.

1960 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि विष लावलेले तुकडे विमानातून टाकून फळमाशी पार संपवली होती. सापळ्यांच्या जाहिरातींना शोभेल असं हे उदाहरण आहे, फक्त आपल्या पेरूच्या बागेभोवती समुद्र नाही, शेजाऱ्याचा पेरू आहे. एकट्याने सापळे लावून मिळतं ते थोडकं. अख्ख्या शिवाराने एकाच वेळी लावले आणि डंखलेली, गळलेली फळं रोज वेचून खोल पुरली, तर फरक दिसतो.

राहिली भीमा आणि घोड या नद्यांकाठच्या उसातली हुमणी. तिच्यासाठी कुणी घाटे अळीची ल्यूर टांगली, तर एक भुंगेराही यायचा नाही. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे सांजवेळी जमिनीतून निघून बाभूळ-कडुलिंबावर जमतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत, किंवा बांधावर प्रकाश सापळा लावावा. या पकडीत नरांबरोबर माद्याही सापडतात. दिवा रात्रभर मात्र जाळू नये, कारण त्यावर मित्रकीटकही येऊन मरतात. अंधार पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास पुरतात. आणि हे सगळं पहिल्या पावसांतच करायचं. पुढे ऊस पिवळा पडू लागतो तेव्हा अळ्या मुळांशी असतात, आणि त्या दिव्याकडे येत नाहीत.