डर्ट बाइकचं पासिंग होतं का?
कावासाकीची केएक्स २५० जवळून बघा. हेडलाइटच्या जागी कोरी प्लास्टिकची पाटी, मागे लाल दिवाही नाही. दिवे, आरसे, हॉर्न बसवले की आरटीओत पासिंग होईल, असं अनेक हौशी मुलांना वाटतं. होत नाही. नोंदणीला कंपनीचा फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांत बसते असं प्रमाणपत्र, लागतो आणि तो मिळतो पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने त्या मॉडेलला मान्यता दिली असेल तरच. मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. विनानोंदणी गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी ५००० रुपयांपर्यंत दंड. माती आणि डांबर दोन्ही हवं असेल, तर हीरोची एक्सपल्स घ्या. तिचं पासिंग रीतसर होतं.