चाळीसच्या वेगातली पोर्शे

उल्हासनगरात कुणाच्या दारात पोर्शे उभी राहिली की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा, 'ही चालवणार कुठं?' शहाडच्या पुलापासून बदलापूरपर्यंतच्या रिक्षा, टेम्पो आणि मधूनच उगवणारे स्पीड ब्रेकर पाहता प्रश्न रास्तच वाटतो. मला तो पटत नाही. स्पोर्ट्स कार आणि जोरकस सेडान यांच्यातला फरक कळायला दीडशेचा वेग लागत नाही. तो चाळीसला कळतो. फक्त वळण हवं आणि वळणावर पुढं कुणी नको.

असा रस्ता आमच्याकडे आहे. मुळगावच्या खंडोबाचा डोंगर मागं पडला की बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता सरळ राहायचं विसरतो. धरण एमआयडीसीचं. रविवारी उजाडताना दूधवाल्याची मोटरसायकल आणि एखादी एसटी सोडली तर तिथं सामसूम. कॅम्प पाचमधल्या ओळखीच्या जीन्सवाल्या शेठच्या मुलाकडे पोर्शे ७१८ केमन आहे, माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दोघींचं घराणं एकच, फोक्सवॅगन समूह. माझी चाकणची, त्याची जर्मनीची. एकदा धीर करून म्हटलं, "अदलाबदल करायची का?" तो म्हणाला, "काका, फक्त बंपर सांभाळा. बाकी गाडी तुमचीच."

केमनच्या दोन लिटर टर्बो इंजिनाची ताकद ३०० पीएस, व्हर्टसच्या दीड लिटरची १५० पीएस. बरोबर दुप्पट. वजनात मात्र फार फरक नाही. केमन सुमारे १,३६५ किलोंची, व्हर्टस त्याहून शंभरेक किलोंनी हलकी. केमन थांबलेल्या अवस्थेतून पाच सेकंदांच्या आत शंभरला पोचते, पण बारवीच्या रस्त्यावर हा आकडा घेऊन करायचं काय? कामाचा आकडा उंचीचा. केमन १,२९५ मिलिमीटर, व्हर्टस १,५०७. वीतभर फरक. केमनमध्ये माणूस बसत नाही, तिच्यात उतरतो. पाय लांब पसरतात, डांबर जवळ येतं, समोरून आलेल्या एसटीचं चाक खिडकीच्या उंचीचं दिसतं आणि चाळीसचा वेग सत्तरचा भासतो. मजेचा अर्धा हिस्सा इथंच वसूल होतो.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, इंजिन ठेवलंय कुठं. संपादकांनी हात आखडता घेतलेला नाही, तेव्हा वाचकांनीही सांभाळून घ्यावं.

व्हर्टसचं इंजिन पुढं आडवं बसवलेलं आणि त्याचा जोरही पुढच्याच चाकांना. गाडी ओढायची त्यांनी, वळवायचीही त्यांनीच. टायरची पकड ठरावीक असते, ती ओढण्यात खर्च झाली की वळायला कमी उरते. म्हणून वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक बाहेर सरकायला लागतं. पाय किंचित उचलला की भार पुढं येतो आणि नाक पुन्हा आत वळतं. पायाची ही उचल-दाब जमली की व्हर्टस फार गोड चालते.

केमनचं इंजिन सीटच्या मागं आणि मागच्या ॲक्सलच्या पुढं. त्यातही चारही सिलिंडर आडवे, दोन इकडे दोन तिकडे, त्यामुळे सगळा भार खाली. जोर मागच्या चाकांना. पुढच्यांनी वळायचं आणि ब्रेक झेलायचा, बास. खांद्यावर भरलेली कावड घेऊन गर्रकन फिरून बघा, मग तेवढंच पाणी कमरेवरच्या कळशीत घेऊन फिरा. भार मधोमध असला की फिरायला जोर कमी लागतो आणि थांबायलाही. व्हर्टसमध्ये आधी बोनेट वळतं, मग आपण, मग डिकी, असा क्रम अंगाला जाणवतो. केमनमध्ये स्टिअरिंग दोन बोटं हलवा, आपण बसलोय ती जागाच फिरते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की ढकल पाठीच्या खालच्या मणक्यात लागते, हातात नाही. हे एकदा अनुभवलं की इंजिन पुढं असलेली प्रत्येक गाडी थोडी पुढं झुकून चालल्यासारखी वाटते. निदान दोन दिवस तरी.

धरणाच्या अलीकडे एका उतरत्या वळणात डांबराचं ठिगळ आहे. व्हर्टसची मागची दोन चाकं एका आडव्या बीमनं जोडलेली, त्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही कळतो आणि गाडी मागून जराशी हलते. केमनला चारही कोपऱ्यांत स्वतंत्र मॅकफर्सन स्ट्रट. धक्का कडक बसतो, कंबरेला नीट समजतो, पण गाडी आपली रेघ सोडत नाही. स्पीडोमीटर मी मुद्दाम पाहिला. चाळीस.

इतिहास सांगायला हवा म्हणून सांगतो. १९९८ च्या सुमारास गोव्यात वेर्ण्याची 'सॅन स्टॉर्म' आली. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन, तेही पुढं आणि पुढचीच चाकं फिरवणारं. म्हणजे रूप एकीचं, चाल दुसरीची. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची 'अवंती' आली, तिचं इंजिन मात्र मधोमध होतं. सेडानच्या बाजूनं २००४ ची औरंगाबादची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० पीएस. मग रांजणगावची फियाट लिनिया टी-जेट. झाला इतिहास.

लिनियावर मात्र थांबायला हवं. तिच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्त्याची खरखर तळहातापर्यंत यायची. आजच्या या दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक. पोर्शेनं त्यातही बरंचसं बोलकेपण टिकवलंय. व्हर्टसचं स्टिअरिंग हलकं आणि अचूक, पण मुकं. माझ्या गाडीबद्दल माझी ही एकच खरी तक्रार.

परतीला उल्हासनगरच्या सतरा सेक्शनला अडकलो. इथं सेडान जिंकेल असं कुणालाही वाटेल. पण व्हर्टसच्या डीएसजी गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच कोरडे, मुंगीच्या गतीनं सरकताना ते क्षणभर विचार करतात. केमनच्या पीडीकेचे क्लच तेलात, ती लोण्यासारखी सरकते. सेडानची सरशी होते ती स्पीड ब्रेकरवर. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर, कितीही उंच ब्रेकर येवो. केमनला तिरकी घालावी लागते आणि तोवर मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नला खळ नसतो. पावसाळ्यात तर ती कव्हरखालीच. उल्हास नदीचं काय सांगावं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान तिच्या पुरात अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती.

बदलापूरजवळून एक्स्प्रेसवेची शाखा जातेय म्हणून आमच्याकडची पोरं खूश आहेत. सरळ, रुंद रस्त्यावर मला केमनचं काही अप्रूप नाही. तिथं ५२१ लिटरची डिकी आणि इंजिनावर ताण नसला की दोन सिलिंडर गुपचूप बंद करणारी व्हर्टसच बरी.

शेठच्या मुलानं माझी गाडी चालवली, तेव्हाचं त्याचं बोलणं मला पटलं. "काका, माझी गाडी सगळं स्वतःच करते. हिच्यात मला काम करावं लागतं." लिनियाचं वर्णन ऐकल्यापासून तो जुनी टी-जेट शोधतोय. मी बजावून ठेवलंय, टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.