साइट आधी बंद, सुनावणी नंतर

क्रिकइन्फो आज एका बड्या कंपनीच्या नावाने ओळखली जात असली तरी ती जन्माला घातली चाहत्यांनी. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात असलेल्या सायमन किंग या ब्रिटिश संशोधकाने ती सुरू केली आणि घरच्या क्रिकेटच्या बातमीसाठी आसुसलेल्या, परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती फुकट राबून चालवली. खेळाची बरीचशी आठवण आजही अशाच माणसांनी जपली आहे. रणजीचे जुने धावफलक, जिल्हा कबड्डी स्पर्धांचे निकाल, एखाद्या फुटबॉल क्लबच्या बदलत गेलेल्या जर्सी, हे सगळं कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून, पदरचे पैसे घालून इंटरनेटवर ठेवलेलं असतं. पण ठेवलेलं असतं ते भाड्याच्या जागेत. म्हणूनच काहीही चुकलेलं नसताना, एका ईमेलवर, ते सगळं बंद होऊ शकतं. हे घडतं कसं आणि घडल्यावर काय करायचं, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

‘साइट गेली’ असं आपण म्हणतो, पण ती नेमकी कुठून गेली हे आधी शोधावं लागतं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, रजिस्ट्रारकडे वर्षाच्या बोलीवर नोंदवलेलं असतं. त्या नावावरून आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी, शोधून देण्याचं काम डीएनएस करतं. त्या पत्त्यावर होस्टिंग कंपनीचा सर्व्हर असतो आणि तुमचे फोटो, मजकूर, डेटाबेस सगळं तिथे असतं. शेवटी वाचकाला इंटरनेट पुरवणारी कंपनी येते. यातल्या कुणीही हात आखडता घेतला की वाचकाला साइट दिसत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘अकाउंट सस्पेंडेड’ असं पान उघडलं तर होस्टिंग कंपनीने दार लावलं आहे. ब्राउझर ‘हे नावच सापडत नाही’ म्हणत असेल तर ‘हूइज’ या नोंदीत डोमेनची स्थिती पाहावी. तिथे ‘क्लायंट होल्ड’ असेल तर रजिस्ट्रारने नाव अडकवलं आहे, ‘सर्व्हर होल्ड’ असेल तर त्याच्याही वरच्या रजिस्ट्रीने. आणि घरच्या वाय-फायवर दिसत नाही, पण दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर किंवा परदेशातल्या मित्राला दिसते, असं असेल तर साइट जागच्या जागी आहे, फक्त वाट अडवलेली आहे. ही तपासणी न करता होस्टिंगवाल्याशी भांडण्यात दिवस जातात आणि कधीकधी तो बिचारा निर्दोष असतो.

समजा दार होस्टिंग कंपनीनेच लावलं आहे. दर वेळी कारण कायदेशीरच असेल असं नाही. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरमध्ये शेकडो साइट असतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर, मेमरीची ठरावीक मर्यादा असते. अंतिम सामन्याच्या संध्याकाळी एरवीच्या कितीतरी पट वाचक आले की यंत्रणा खातं आपोआप गोठवते. जुन्या वर्डप्रेस प्लगइनच्या भोकातून कुणी तुमच्या फोल्डरमध्ये बँकेचं खोटं लॉगिन पान लपवलेलं असलं तरी खातं बंद होतं, आणि तेव्हा कंपनीचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण चाहत्यांच्या साइटला सर्वांत जास्त जाच होतो तो कॉपीराइटच्या तक्रारींचा, आणि अन्यायाची शक्यताही तिथेच जास्त.

जगातल्या मोठ्या होस्टिंग कंपन्या बहुतांशी अमेरिकेत आहेत, त्यामुळे सातारच्या साइटलाही व्यवहारात अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा कायदा लागतो. त्यातलं कलम ५१२ होस्टिंग कंपनीला सांगतं की ग्राहकाने काही चोरीचं ठेवलं तर तुझ्यावर भरपाईचा बोजा येणार नाही, मात्र तक्रार आली की तो मजकूर तातडीने हटव. तक्रारीत काय असावं हेही ठरलेलं आहे: कोणती कलाकृती, ती साइटवर नेमकी कुठे आहे, तक्रारदाराचा संपर्क, सही, हा वापर विनापरवाना असल्याचं प्रामाणिकपणे वाटतं असं विधान, आणि हक्कधारकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन केलेलं विधान. ही शेवटची ओळ नीट वाचायला हवी. शिक्षेची टांगती तलवार आहे ती ‘मी त्या मालकाचा माणूस आहे’ या दाव्यावर. ‘इथे चोरी झाली आहे’ या दाव्याला नुसता प्रामाणिक समज पुरतो.

आता होस्टिंग कंपनीच्या जागी बसून पाहा. तुमच्याकडून तिला महिन्याला काहीशे रुपये मिळतात. मजकूर हटवला तर ती सुरक्षित. हटवला नाही आणि तक्रार खरी निघाली तर खटल्यात ती प्रतिवादी. तक्रार खरी की खोटी हे तपासण्याची सक्ती कायदा तिच्यावर करत नाही आणि तपासून तिच्या हाती काही पडत नाही. त्यातच हजारो तक्रारी आता संगणकाच्या प्रोग्रॅममधून निघतात, नाव आणि शब्द जुळले की पाठव, अशा रीतीने. सामन्याचं परीक्षण लिहिणारी साइट आणि सामन्याचं चोरटं प्रक्षेपण करणारी साइट यांच्या शीर्षकात तेच दोन संघ असतात, हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही.

कायदा मजकूर हटवायला सांगतो, साइट नव्हे. मग एका फोटोपायी अख्खी साइट का जाते? कारण तुम्ही स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर कंपनी तुमच्या फाइलींना हात लावत नाही. तिच्या हातात एकच बटण असतं, सर्व्हर चालू किंवा बंद. काही कंपन्या आधी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांची मुदत देतात, पण तो ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा तुम्ही प्रवासात असलात की मुदत संपते. त्याहून वाईट म्हणजे अनेकांनी होस्टिंग खात्याला ईमेल पत्ता त्याच डोमेनचा दिलेला असतो. साइटबरोबर तोही मरतो आणि कंपनीचं पुढचं प्रत्येक पत्र पोकळीत जातं.

याला उत्तर म्हणजे प्रतिनोटीस. काढलेला मजकूर कोणता, तो चुकीने किंवा गैरसमजाने काढला गेला असं मला वाटतं, हे खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जबाबदारीवर लिहायचं. ती मिळाल्यावर होस्टिंग कंपनी तक्रारदाराला कळवते आणि त्याने कोर्टात दावा लावला नाही तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवते. कागदावर हे ठीक दिसतं. पण विश्वचषकाच्या ऐन भरात चौदा कामकाजाचे दिवस म्हणजे सुट्ट्या धरून जवळजवळ तीन आठवडे. आणि प्रतिनोटिशीत स्वतःचं खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, तो तक्रारदाराच्या हाती जातो. अमेरिकेबाहेरच्या माणसाला तर कंपनी जिथे असेल तिथल्या अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. मिरजेत बसून जुन्या सामन्यांची आकडेवारी मांडणारा पोरगा या ओळीपाशी थांबतो आणि बरोबर असूनही गप्प बसतो. कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय मला इथे दिसतो. शिवाय गप्प बसणं महागात पडतं: वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण कंपनीकडे असावंच लागतं, आणि उत्तर न दिलेली खोटी तक्रारही त्या हिशेबात जमा होऊ शकते.

खोटी तक्रार करणाऱ्याला जाब विचारता येत नाही असं मात्र नाही. डीबोल्ड या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या अंतर्गत ईमेल प्रसिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्यांविरुद्ध त्यांच्या इंटरनेट सेवादारांना नोटिसा धाडल्या होत्या. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने हा जाणूनबुजून केलेला चुकीचा दावा ठरवला आणि कंपनीला सव्वा लाख डॉलर मोजावे लागले. पुढे २०१५ मध्ये, प्रिन्सच्या गाण्यावर नाचणाऱ्या बाळाच्या एकोणतीस सेकंदांच्या व्हिडिओच्या खटल्यात, नोटीस पाठवण्याआधी हा रास्त वापर आहे का याचा विचार केलाच पाहिजे असं अपील न्यायालयाने सांगितलं. प्रतिनोटिशीत या दोन निकालांचा उल्लेख जरूर करावा.

चाहत्याची बाजू भक्कम कुठे असते, तर आकड्यांत. धावा, गोल, तारखा, कोण कुठे खेळलं, ही तथ्यं आहेत, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. पेजरवर बास्केटबॉलचे गुण देणाऱ्या मोटोरोलाविरुद्ध एनबीए १९९७ मध्ये अपिलात हरली ती याच मुद्द्यावर. आपल्याकडे एसएमएसवर क्रिकेटचा स्कोअर देणाऱ्यांच्या बाजूने २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कौल दिला, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला. बाजू लंगडी असते ती फोटोंत. वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने उन्हात उभं राहून टिपलेला फोटो ‘गुगलवर मिळाला’ म्हणून लावला तर ती तक्रार खरी आहे आणि तिच्यावर रागावण्याचं कारण नाही. स्वतः काढलेले किंवा विकिमीडिया कॉमन्सवरचे, परवान्याची ओळ नीट दिलेले फोटो वापरावेत. क्लबच्या बोधचिन्हाचा प्रश्न वेगळा. तो ट्रेडमार्कचा विषय आहे आणि डीएमसीएची नोटीस त्यासाठी नाहीच. तशी नोटीस आली तर एवढंच नम्रपणे कंपनीला कळवावं.

साइट भारतात होस्ट केली असेल तर नियम बदलतात. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५ व्या नियमानुसार लेखी तक्रार पटली तर मजकूर छत्तीस तासांत रोखायचा आणि एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश तक्रारदाराने आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. दावा लावण्याची हमी तक्रारदाराला आधीच द्यावी लागते, ही चांगली गोष्ट. पण साइटवाल्याने उत्तर द्यायची ठरलेली पायरी या नियमात नाही, ही मोठी उणीव. म्हणून एकवीस दिवसांची तारीख स्वतः मोजून कंपनीला लेखी आठवण द्यावी.

राहिला वाट अडवण्याचा प्रकार. खेळाच्या बाबतीत तो वाढतोच आहे. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडवायच्या यादीत ४७२ साइट होत्या आणि त्यात चक्क गुगल डॉक्स होतं. पुढे यादी २१९ वर आली. २०१६ च्या जुलैमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट अडवायला नकार दिला, नेमके आणि तपासलेले दुवे मागितले, आणि अडवलेल्या पानावर कारण व दाद मागायचा पत्ता छापायला सांगितलं. माझ्या मते इतका न्याय्य आदेश या विषयात दुसरा क्वचितच सापडेल. त्याच महिन्यात दिल्लीच्या खंडपीठाने मात्र मुख्यतः चोरीवर चालणाऱ्या साइट पूर्ण अडवणं योग्य ठरवलं.

युरोपात तर घड्याळच लावलं आहे. इटलीच्या ‘पायरसी शील्ड’ यंत्रणेत फुटबॉलच्या चोरट्या प्रक्षेपणाची तक्रार आल्यावर तीस मिनिटांत पत्ता अडवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली, त्याच महिन्यात, असंख्य साइट जिच्यामार्फत चालतात त्या क्लाउडफ्लेअर कंपनीचा एक सामायिक आयपी अडवला गेला, ऑक्टोबरमध्ये गुगल ड्राइव्हच काही तास गेलं. स्पेनमध्ये २०२५ पासून ला लिगाचे सामने चालू असताना क्लाउडफ्लेअरचे पत्ते अडवले जातात. अनेक साइट एकाच आयपीवर राहतात, जशी चाळीतली बिऱ्हाडं एकाच घरनंबरावर. एका खोलीसाठी अख्ख्या चाळीचा जिना बंद केला की निरपराध दुकानं, शाळा आणि फुटबॉलवर मनापासून लिहिणारे चाहतेही आत कोंडले जातात.

तेव्हा साइट चालवणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. डोमेन स्वतःच्या नावावर आणि होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे नोंदवावं, म्हणजे दार लावलं तरी नाव घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं. खात्याचा ईमेल दुसऱ्या डोमेनचा ठेवावा. प्रत्येक फोटो कुठून आला याची वही ठेवावी. डेटाबेससह बॅकअप दर आठवड्याला स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवावा, कारण होस्टिंग कंपनीकडचा बॅकअप खात्याबरोबरच कुलुपात जातो. साइट गेलीच, तर कंपनीकडून आधी मूळ तक्रारीची प्रत मागावी. ती वाचल्याशिवाय माफीही मागू नये आणि भांडूही नये.

आणि अशी साइट तुम्ही चालवत नसाल, फक्त वाचत असाल, तरी तुमच्या आवडीची पानं वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करून ठेवा. पत्ता टाकून एक बटण दाबायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि खातंही उघडावं लागत नाही.