विश्लेषण : लोकसभेचा पहिला तास वाया गेला, तर नेमके काय बुडते?

‘गदारोळामुळे लोकसभा दुपारी १२ पर्यंत तहकूब’ ही बातमी अधिवेशनात अनेकदा वाचायला मिळते. पण त्यात नुकसान कोणाचे?

११ ते १२ काय होते?
हा प्रश्नोत्तरांचा तास. खासदारांना किमान १५ दिवस आधी प्रश्न द्यावे लागतात. रोजच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नावर मात्र मंत्र्याला सभागृहात उभे राहून बोलावे लागते.

खरी कसोटी कुठे?
पूरक प्रश्नांत. मूळ उत्तर खात्यातले अधिकारी तयार करतात. पूरक प्रश्न ऐनवेळी येतो. तिथे मंत्र्याची तयारी उघडी पडते.

प्रश्नाने काय साधते?
‘एलआयसी’ने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांचा विषय १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्नांतून निघाला. फिरोज गांधींनी तो लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

मग तहकुबीने काय बुडते?
लेखी उत्तरे पटलावर येतातच. बुडतो तो पूरक प्रश्न. आणि मंत्री सुटतो.