गटारावरची वाट

तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की डब्याची पिशवी खांद्याला लावून कितीतरी कामगार पायीच निघतात. कोणी बोईसर स्टेशन गाठतो, कोणी सरावली-खैरापाड्याकडची भाड्याची खोली. डांबराच्या कडेची पांढरी पट्टी हाच त्यांचा फुटपाथ. मागून टँकर आला की साइडपट्टीच्या चिखलात उतरायचं.

फुटपाथ असतो तिथेही माणसं रस्त्यावरूनच का चालतात? कारण आपल्याकडचा फुटपाथ बहुतेक ठिकाणी गटाराचं झाकण असतो. गटार पाण्याच्या सोयीने बांधलेलं. त्यावरचा स्लॅब कुठे गुडघ्याएवढा उंच, कुठे रस्त्याला टेकलेला. पावसाळ्याआधी गाळ काढायला उचललेली झाकणं सगळीच परत बसत नाहीत. शिवाय दर गेटापाशी उतरा, पुन्हा चढा. गुडघे धरलेल्या आजीला किंवा कडेवर मूल घेतलेल्या बाईला हे झेपत नाही. ती खाली उतरते आणि मोकळी राहिलेली जागा दुचाक्या, टपऱ्या व्यापतात. म्हणूनच सगळं खापर फेरीवाल्यांवर फोडणं मला पटत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सोपे आहेत. चालायला सलग 1.8 मीटर मोकळी रुंदी, बाजारात त्याहून जास्त. डोक्यावर 2.2 मीटरपर्यंत अडथळा नको. कडेची उंची 150 मिलिमीटरच्या आत, म्हणजे जिन्याची एक पायरी. खांब आणि झाडं यांची पट्टी वेगळी. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथ हा पादचाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

अडतं ते हद्दींपाशी. बोईसर शहरासारखं फुगलं, पण ग्रामपंचायतींच्याच कारभारात. वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, हमरस्ते बांधकाम विभागाचे, स्टेशनचं आवार रेल्वेचं, गल्ल्या पंचायतीच्या. पायी जाणारा एका फेरीत या सगळ्या हद्दी ओलांडतो. त्याची वाट मात्र प्रत्येक हद्दीला तुटते.

बोईसरच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही पायी चालणारा विसरला गेला. पालघर 2014मध्ये जिल्हा झाल्यावर मुख्यालय उभं राहिलं ते स्टेशनपासून दूर, कोळगावला. जव्हार-मोखाड्याहून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला पालघरला उतरल्यावर पुन्हा रिक्षा शोधावी लागते. नव्या इमारतीइतकाच तिथपर्यंतचा सावलीचा, सपाट पायरस्ताही आखायला हवा.

बोईसरला सुरुवात स्टेशन ते नवापूर नाका या पट्ट्यापासून करावी. चारही यंत्रणांनी एकच नकाशा, एकच पातळी ठरवावी. आणि गेटापाशी फुटपाथ खाली न उतरवता तसाच सपाट पुढे न्यावा; चढायचं ते गाडीने.